अजिंक्यताऱ्यातून आरपार गेलेला लोट : साताऱ्यातल्या एका कागदी तालमीचं प्रकरण

पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा पिवळा पट्टा एमआयडीसीतून निघाला, शहराच्या कडेने पश्चिमेला सरकला, सरळ अजिंक्यताऱ्यात शिरला आणि पलीकडून तसाच बाहेर पडला. पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उंचीचा डोंगर मध्ये उभा आहे, याची त्या पट्ट्याला खबरही नव्हती. खोलीतल्या कुणालाही ते लगेच खटकलं नाही. मलाही नाही, आणि नकाशा मीच काढला होता.

आधीच स्पष्ट सांगतो, साताऱ्यात असा किरणोत्सारी लोट प्रत्यक्ष सुटलेला नाही. ही एका कागदी तालमीची, म्हणजे टेबलाभोवती बसून केलेल्या सरावाची, हकीकत आहे. मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या कार्यशाळेसाठी दोन तासांचा प्रसंग तयार करायचा होता. कारखान्यातून किरणोत्सारी द्रव्य हवेत गेलं, तर पहिल्या काही तासांत कुणी काय करायचं? टेबलाभोवती महसूल, अग्निशमन आणि आरोग्य विभागाची माणसं, दोन फाउंड्रीचालक आणि एका फाउंड्रीचे मुकादम बसणार होते. माझ्याकडे एकच काम होतं, नकाशा.

त्यासाठी मी हॉटस्पॉट हे सॉफ्टवेअर घेतलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेचं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि काही सेकंदांत उत्तर देतं. कोणतं द्रव्य, किती, किती उंचीवरून सुटलं, वारा कुठून आणि किती, हवा स्थिर की खळबळलेली, एवढं भरलं की वाऱ्याच्या दिशेने किती अंतरावर किती मात्रा (शरीराला बसणारा किरणांचा डोस) मिळेल आणि जमिनीवर किती द्रव्य बसेल, याचा अंदाज समोर येतो. त्याचे कर्ते त्याला पहिल्या फेरीचा अंदाज म्हणतात आणि मर्यादाही लिहून ठेवतात: द्रव्य सुटणं थोड्या तासांचं हवं, अंतर साधारण १० किलोमीटरच्या आतलं हवं, हवामान साधं हवं, आणि भूभागात अडथळा नको. यातली शेवटची अट मी वाचली होती. साताऱ्यात राहून वाचली होती, तरी ती अजिंक्यताऱ्याशी जोडली नाही.

आधी प्रसंगच बदलावा लागला

मला लिहून मिळालेल्या प्रसंगात फॅब्रिकेशनच्या शेडला आग लागते आणि वेल्डिंगचे जोड तपासायचा रेडिओग्राफी कॅमेरा तिच्यात सापडतो. या कॅमेऱ्यात इरिडियम-१९२ असतं. सॉफ्टवेअरच्या यादीत इरिडियम आहे, आगीचा पर्यायही आहे. दोन्ही निवडून बटण दाबलं की रंगीत पट्टे तयार.

पण इरिडियम वितळायलाच सुमारे २,४५० अंश सेल्सिअस लागतात. शेडच्या आगीत तेवढं तापमान होत नाही, त्यामुळे धातूची ती चकती धूर होऊन उडणार नाही. किती टक्के द्रव्य हवेत जाईल, हा आकडा आपण भरायचा असतो. आपण काहीही भरलं तरी सॉफ्टवेअर ते मुकाट्याने मान्य करतं. त्या प्रसंगातला खरा धोका जागेवरचाच आहे. कवच खराब झालं आणि उघड्या पडलेल्या स्रोताजवळ कुणी गेलं, तर थेट गॅमा किरणांचा मारा बसेल. तिथे वाऱ्याचा नकाशा काढणं म्हणजे अग्निशमनच्या जवानांना चुकीच्या दिशेला बघायला लावणं.

म्हणून मी सीझियम-१३७ घेतलं. हॉपरमधली किंवा टाकीतली पातळी मोजायच्या गेजमध्ये ते वापरतात, एका बाजूला स्रोत आणि दुसऱ्या बाजूला डिटेक्टर. कारखाना बंद पडतो, यंत्रं भंगारात जातात, आणि त्या जड डब्यावरचं किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह गंजून गेलेलं असलं तर तो कुणाला ओळखू येत नाही. असा डबा भट्टीत गेला तर काय होईल? पोलाद वितळतं १,५०० अंशांच्या आसपास, सीझियम उकळतं ६७१ अंशांना. कोबाल्ट किंवा इरिडियम भट्टीत गेलं तर ते बहुतांशी धातूतच उतरतं. सीझियम मात्र धुराच्या धुळीबरोबर वर जातं.

हे जगात घडलेलं आहे. मे १९९८ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या अल्हेसिरासजवळच्या एका पोलाद कारखान्याच्या भट्टीत सीझियमचा स्रोत भंगाराबरोबर वितळला. कारखान्याला पत्ता नव्हता. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडमधल्या हवेच्या मोजणी केंद्रांना आकडे चढलेले दिसले आणि त्यानंतर शोध उलटा मागे गेला. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला. तिथे भट्टीही नव्हती, डबा हातांनी फोडला गेला होता.

फळ्यावरचं गणित

स्रोत धरला ३७ गिगाबेक्वेरेलचा (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन, गिगा म्हणजे अब्ज), जुन्या भाषेत एक क्युरी. गेजच्या मानाने हा मोठाच. शेडला धड फिल्टर नाही आणि सगळं सीझियम १० मीटरवरून बाहेर गेलं, असं धरलं. वेळ जानेवारीतली पहाट. रात्रीच्या विजेला सवलत असायची म्हणून बऱ्याच भट्ट्या रात्रपाळीत चालत आल्या आहेत, आणि थंडीच्या रात्री आकाश निरभ्र असलं की जमिनीलगतची हवा अगदी निपचित असते.

हवेचे हे स्वभाव अ ते फ अशा सहा वर्गांत बसवायची पद्धत ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये मांडली. अ म्हणजे रणरणत्या दुपारची घुसळण, फ म्हणजे थंडीच्या रात्रीची निश्चलता. विद्यार्थ्यांसमोर मी ते गणित हाताने केलं, कारण सॉफ्टवेअरचा आकडा पडताळल्याशिवाय मी टेबलावर ठेवत नाही. वारा सेकंदाला दीड मीटर, वर्ग फ. एक किलोमीटरवर लोटाच्या पसरण्याचा मापांक, म्हणजे मध्यरेषेपासून तो साधारण किती पसरतो ते, आडवा ३८ मीटर, उभा १२ मीटर. एवढ्या चिंचोळ्या लोटाच्या मध्यरेषेवर उभा असलेला माणूस, तासाला १.२ घनमीटर श्वास घेत, लोट पुढे जाईपर्यंत सुमारे ४,००० बेक्वेरेल आत घेतो. प्रौढाला दर बेक्वेरेलमागे किती मात्रा मिळते, त्या गुणकाने गुणलं की मात्रा येते सुमारे ०.०१८ मिलिसीव्हर्ट. सॉफ्टवेअरचा आकडाही याच घरातला होता.

आता फक्त एक गोष्ट बदलली, फ च्या जागी अ. वारा तोच, स्रोत तोच. आकडा साठ पटींहून खाली आला! मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, मग नकाशावर कुठला आकडा छापायचा?” मी म्हणालो, “पहाटेचा.” उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं.

०.०१८ मिलिसीव्हर्ट म्हणजे किती? सामान्य नागरिकासाठी नैसर्गिक आणि वैद्यकीय सोडून वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. निसर्गातून जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे लोटाखाली सापडलेल्या माणसाला निसर्गातून तीनेक दिवसांत मिळते तेवढी मात्रा. नकाशावर घरं रिकामी करायला लावणारा एकही पट्टा नव्हता. तालमीत पहिला अर्धा तास मात्र शाळा कुठे हलवायच्या, एसटी किती लागतील, यावरच गेला. रंग दिसला की माणसं हलवायची, असा आपला पुराचा अनुभव आहे. कृष्णाकाठी तो बरोबरही आहे. इथे दारं-खिडक्या लावून दोन तास घरात बसणं, हे साताऱ्याच्या रस्त्यावर हजारो माणसं आणण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित होतं.

पहाटेचा धूर कुणीकडे जातो

तेवढ्यात मुकादम बोलले. वय साठीच्या आसपास, तीस वर्षं भट्टीवर. ते म्हणाले, “सर, ह्यो पट्टा गावाकडं दावलाय. पण थंडीत पहाटंचा धूर गावाकडं जातच न्हाई. वढ्याला धरून खाली नदीकडं सरकतो.”

मी वारा मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधून घेतला होता, पूर्व-ईशान्येचा, ताशी साडेपाच किलोमीटर. तो मोठ्या प्रदेशाचा वारा होता. यवतेश्वर आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारांवरची हवा रात्री थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली कृष्णेच्या खोऱ्याकडे वाहू लागते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. नकाशा काढताना मात्र ॲपवर विश्वास ठेवला.

आणि तो डोंगर? लोट पसरण्याची जी सूत्रं अशा सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांच्या मुळाशी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गवताळ माळावर झालेले प्रयोग आहेत. सपाट जमीन, सल्फर डायऑक्साइड सोडायचा आणि ५० मीटरपासून ८०० मीटरपर्यंतच्या कमानींवर तो मोजायचा. त्या माळावर अजिंक्यतारा नव्हता, म्हणून सूत्रातही नाही. अडीच किलोमीटरवर फ वर्गातल्या लोटाचा उभा मापांक तेवीसेक मीटर भरतो. एवढा बुटका आणि थंड लोट ३०० मीटरचा डोंगर चढणार नाही. तो पायथ्याशी साचेल, बाजूने वळेल किंवा माघारी फिरेल. नेमकं काय होईल, ते या सॉफ्टवेअरला विचारायचंच नसतं. त्यासाठी भूरचना आणि बदलता वारा धरणाऱ्या मोठ्या प्रणाली लागतात. त्या अणुऊर्जा विभागाकडे आहेत, तालुक्याच्या लॅपटॉपवर नाहीत.

तालीम आम्ही तिथेच थांबवली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ठेवली. मधल्या काळात मी चार विद्यार्थ्यांना घेऊन तीन पहाटे एमआयडीसीच्या कडेला उभा राहिलो. हातात कॉलेजचा छोटा वारामापक, बांधावर घमेल्यात शेणी पेटवून वर ओला पाला टाकलेला. पहिल्या दिवशी पाच वाजता वारामापकाची वाटी हलतसुद्धा नव्हती. धूर कमरेएवढ्या उंचीपर्यंत गेला, तिथे जणू अदृश्य छताला अडला आणि आडवा होऊन ओढ्याच्या अंगाने कृष्णाकाठच्या माहुलीच्या बाजूला सरकायला लागला. वाटी शून्य दाखवते आणि धूर चालतो आहे, हे पोरं तोंडात बोट घालून बघत होती. हलक्या हवेत आमचं यंत्र आंधळं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रात्रीतून ढग आले होते, जमीन तेवढी थंड झाली नव्हती, आणि धूर ॲपने सांगितला तसा गावाकडे गेला.

म्हणजे मुकादमांचं निरीक्षण निरभ्र पहाटेसाठी खरं होतं, ढगाळ पहाटेसाठी नाही. पुढच्या तालमीत मी एकच नकाशा नेला नाही. तीन नेले: नदीकडचा, गावाकडचा आणि दुपारचा. त्यातला कुठला उचलायचा हे ठरवायला पहिल्या ओळीत दोन प्रश्न लिहिले. आकाश मोकळं आहे का? जमिनीलगतचा धूर कुणीकडे जातोय? त्यांची उत्तरं तिथे उभा असलेला माणूस फोनवर देऊ शकतो.

जमिनीवर उरतं ते

एका गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण दोन्ही तालमींत तीच सगळ्यात उशिरा लक्षात आली. सॉफ्टवेअर दोन वेगळी उत्तरं देतं. एक, लोट जाताना मिळालेली मात्रा. दुसरं, जमिनीवर बसलेलं द्रव्य. जमिनीवरून येणाऱ्या किरणांची मात्रा धरायची का आणि किती काळाची, हे आपण सांगावं लागतं. लोक पहिला आकडा बघतात आणि फाइल बंद करतात.

आमच्या प्रसंगात एक किलोमीटरवर मध्यरेषेखाली प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३५ किलोबेक्वेरेल सीझियम बसत होतं. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर नकाशांवर “दूषित प्रदेश” म्हणून जी रेषा ओढली गेली, ती ३७ किलोबेक्वेरेलची आहे. हवेतून मिळणारी मात्रा तीन दिवसांच्या निसर्गाएवढी, आणि त्याच लोटाखालची जमीन त्या रेषेच्या उंबरठ्यावर! प्रमाण मात्र विसरायला नको. चेर्नोबिलनंतर ती रेषा हजारो चौरस किलोमीटरना वेढून गेली. आमचा पट्टा जेमतेम दीडशे मीटर रुंदीचा. त्या जागी वर्षभर उघड्यावर उभं राहिलं तर ०.७ मिलिसीव्हर्टच्या आसपास, म्हणजे श्वासाच्या जवळजवळ चाळीस पट. घाबरून गाव सोडण्यासारखं नाही, पण सीझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षांचं आहे. धुऊन, खरवडून काढल्याशिवाय ते आपोआप जात नाही.

आरोग्य विभागाच्या मॅडमनी लगेच विचारलं, “मग सकाळचं दूध थांबवायचं?” प्रश्न अगदी योग्य होता. लोट पाचला गेला, संकलन केंद्रावर कॅन सहा-साडेसहाला येतात. पण त्या पहाटेचं दूध कासेत आधीच तयार झालेलं असतं. कॅनला झाकण असेल तर ते चांगलंच असणार. प्रश्न येतो तो नंतर. त्या पट्ट्यातला ओला चारा जनावरांनी खाल्ला की एक-दोन दिवसांत सीझियम दुधात दिसायला लागतं. म्हणून पहिला निरोप चाऱ्याचा असायला हवा. पट्ट्यातलं गवत, मका कापू नका. गोठ्यात आधीपासून असलेला कडबा घाला. उघड्या गंजीचा वरचा थर बाजूला काढून झाकून ठेवा. जनावरं चरायला सोडू नका. पालेभाज्यांच्या वाफ्यांनाही हेच. दूध थांबवायचं की नाही, ते दुसऱ्या दिवसापासूनचे नमुने मोजल्यावर ठरेल. ही चार वाक्यं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा वाजता गेली, तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

“आमी कुठं हाय?”

दुसरी तालीम संपत आली होती. तीन नकाशे, चाऱ्याचा निरोप, घरात थांबायची सूचना, सगळं टेबलावर मांडलेलं. मुकादम बराच वेळ नकाशावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, “सर, ह्यात आमी कुठं हाय?”

नकाशात ते कुठेच नव्हते. असे नकाशे द्रव्य सुटल्याच्या जागेपासून थोड्या अंतरावर अर्थपूर्ण व्हायला लागतात. शेडच्या भिंतींमागे हवा कशी घुटमळते, छताखाली धूर किती वेळ कोंडतो, यातलं काहीच या सूत्राला कळत नाही. आम्ही दोन दिवस पूर्ण शहराचा विचार केला, आणि सीझियमची सगळ्यात दाट धूळ ज्यांच्या अंगावर बसणार होती ते भट्टीवरचे आठ-दहा कामगार आमच्या कागदावर नव्हते. मला याची लाज वाटली, आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं.

उरलेला वेळ आम्ही फक्त शेडला दिला. अमुक भंगारात किरणोत्सार आहे असा संशय आला, तर भट्टीत पुढचा माल टाकायचा थांबवायचा. धूळ झाडायची नाही, कोरडा झाडू तर अजिबात नाही. फिल्टर असेल तर त्याच्या पिशव्यांना कुणी हात लावायचा नाही, कारण सीझियम सगळ्यात जास्त तिथेच अडकलेलं असतं. पाळीवरच्या माणसांची नावं लिहून काढायची. कपडे तिथेच पिशवीत काढायचे, साबणाने अंघोळ, आणि मग मोजणी. हे सांगताना मुकादमांनीच एक गोष्ट घातली, जी मला कधीच सुचली नसती: तंबाखू. हातमोजे काढायचे, तळहातावर चुना-तंबाखू मळायची आणि चिमूट ओठात धरायची, हे पाळीत चार-पाच वेळा होतं. हातावरची धूळ पोटात न्यायला याहून सरळ वाट नाही. यादीत पहिल्या क्रमांकावर आम्ही तेच लिहिलं: हात धुतल्याशिवाय तंबाखू, विडी, चहा काही नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. रस्ता मोकळा असला तरी तिथून साताऱ्यात यायला अडीच-तीन तास. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, मुंबईत. तोवर शेडमध्ये जे होईल ते शेडमधल्यांच्याच हातून होणार आहे.

तालमीनंतर एका फाउंड्रीचालकाने वजनकाट्यावर हातात धरायचा सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, ठेवला. ट्रक काट्यावर उभा राहिला की आधी मीटरने फेरी मारायची, मग वजन. आपल्या काळ्या पाषाणात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे इथली नैसर्गिक किरणोत्साराची पार्श्वभूमी मुळातच खाली आहे आणि थोडी वाढही ओळखता येते. मात्र शिशाच्या कवचातला स्रोत भंगाराच्या ढिगाच्या मध्यभागी असेल तर हा मीटर तो पकडेलच असं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. माल उतरवताना आणि छाटताना दुसरी फेरी हवीच. दुसऱ्या फाउंड्रीत मीटर अजून आलेला नाही. आणि या दोघांनाही माल पुरवणारे छोटे भंगारवाले, जिथे तो डबा सगळ्यात आधी पोहोचेल, ते अजून एकाही बैठकीला बोलावलेले नाहीत. पुढच्या तालमीची सुरुवात त्यांच्या काट्यावरून करायची असं ठरलं आहे. त्यांना जाऊन भेटण्याचं काम मी आणि मुकादम मिळून करणार आहोत.